आधीचं

आमच्या मंडळात ‘स्टार्टर’ हा शब्द फार उशिरा आला, आणि आल्यावरही कुणाच्या तोंडी बसला नाही. आम्ही ‘आधीचं’ म्हणतो. जेवणाच्या आधीचं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना सुटली की चर्चच्या आवारात चिंचेखाली बायकांचा घोळका जमतो आणि कुणीतरी विचारतं, “मग, आधीचं काय करायचं यंदा?” तिथून पुढं पाऊण तास कुणी हलत नाही. पोरं पायांत घुटमळतात, नवरे गेटपाशी गाड्यांवर बसून हॉर्न वाजवतात, चर्चा काही संपत नाही.

जेवणाबद्दल मात्र वाद नसतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 तारखेला, सांगलीत आमच्या महिला मंडळाचं स्नेहभोजन असतं. मटण बिर्याणी, रस्सा, शाकाहारी मंडळींना मसालेभात, शेवटी केक आणि शेवयांची खीर. आचारी ठरलेला, पातेली ठरलेली. आधीचं मात्र आचाऱ्याकडं द्यायचं नाही, ते घरच्या हातांनीच झालं पाहिजे, असा नियम आहे. नियम कुणी केला माहीत नाही, पण मोडायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.

ही भानगड सुरू झाली ती स्नेहभोजनाआधी होणाऱ्या येशूजन्माच्या नाटकातल्या हेरोद राजाच्या दाढीमुळं. मी तेव्हा सातवीत होते आणि नाटकात मेंढरू होते. सहाचं नाटक पावणेआठला उभं राहिलं, कारण राजाची दाढी सापडत नव्हती. (ती शेवटी पेटीच्या भात्याखाली निघाली.) पंगत बसायला साडेनऊ वाजले. बारकी पोरं रडून रडून झोपली होती आणि मोठी माणसं बिर्याणीवर अशी तुटून पडली की तिसऱ्या पंगतीच्या ताटात नुसता भात आला. आईला ते फार लागलं. पुढच्या वर्षी तिनं घरून दोन डबे भडंग करून आणलं आणि दारातच टेबल मांडून बसली. आलेल्या प्रत्येकाच्या हातात कागदाचा पुडा.

सांगलीत राहून दुसरं काय देणार म्हणा! पण आईचं भडंग म्हणजे काम असायचं. जाड चुरमुरे सकाळी गच्चीवर उन्हात. कढईत शेंगतेल, त्यात शेंगदाणे, मग सालीसकट ठेचलेला लसूण, आणि इथं ती कुणाला बोलू द्यायची नाही. लसूण बदामी झाला की कढई लगेच खाली. अजून अर्धा मिनिट राहिला तर कडू लागणार, लवकर काढला तर दुसऱ्या दिवशी सगळं भडंग मऊ पडणार. हळद-तिखट कढई उतरवल्यावरच घालायचं, नाहीतर तिखट करपतं आणि घरभर खोकला. मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर अगदी शेवटी. माणशी मूठभर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. दीडशे माणसांना चार किलो. हे मी तिच्या वहीतून सांगते आहे. वही हिशेबाची, पण डाव्या पानावर हिशेब आणि उजव्या पानावर शेरे.

ते शेरे म्हणजे आमच्या आधीच्याचा इतिहास आहे. एका वर्षी खिमा पॅटिस केले. सुरेख झाले होते, खरंच. माणसांनी तीन-तीन खाल्ले आणि बिर्याणीचं एक अख्खं पातेलं उरलं. वहीत शेरा: ‘पॅटिस नको. पोट भरतं.’ मला वाटतं, आधीच्याबद्दल एवढं एकच कळलं तरी पुष्कळ. भूक मरू द्यायची नाही, नुसती शांत बसवायची. हॉटेलात जेवणाआधी पनीर टिक्क्याचं ताट मागवणाऱ्यांना हे अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या एका वर्षी तरुण मुलींनी चीज-अननसाच्या काड्या केल्या. बटाट्यावर फॉइल गुंडाळून त्यात काड्या खोचलेला तो साळिंदर दिसायला झकास होता. पाच मिनिटांत मुलांनी चीज खाऊन टाकलं आणि उरलेल्या काड्यांनी तलवारबाजी सुरू केली. मग कुणाच्या चपलेतून आरपार एक काडी गेली आणि तो पदार्थ कायमचा बंद झाला.

मिरजेहून येणाऱ्या एक नर्समावशी होत्या. मिरजेचं मिशन हॉस्पिटल, डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली उभं केलेलं, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. त्या काकडीचं सँडविच करायच्या. ब्रेडच्या कडा काढलेल्या, लोणी अगदी कडेपर्यंत लावलेलं. लोणी असं लावलं की काकडीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. काकडीला मीठ लावून ती दहा मिनिटं फडक्यावर पसरून ठेवायच्या. आम्हाला ते सँडविच बेचव वाटायचं. मिरची कुठाय, असं आम्ही विचारायचो. मावशी म्हणायच्या, “तिखट जेवणात आहे की. इथं जिभेला जरा गप्प बसू द्या.”

आणि गोव्याहून लग्न होऊन आलेल्या काकूंचं कुलकुल, नाताळचा गोड तळलेला खाऊ. मैदा, रवा, नारळाचं दूध, थोडं तूप. कणकेची सुपारीएवढी गोळी काट्याच्या उलट्या बाजूवर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, की शंखासारखा वळलेला, रेघा उमटलेला दाणा तयार. आमच्याकडं एवढे काटे कुठले? मग नवे कंगवे आणले. एक डझन कंगवे आणि दहा-बारा पोरी, असा आमचा 23 डिसेंबरचा दिवस. एका वर्षी ते कुलकुल आधल्या रात्री मोजून डब्यात ठेवले होते. नाटकात तिसरे मागी, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन येणाऱ्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांतले तिसरे, गंधरसाची पेटी घेऊन गव्हाणीपुढं गुडघे टेकायला वाकले आणि पेटी खुळखुळली. पाळकसाहेब पुढच्याच खुर्चीत होते. त्यांनी हात पुढं करून पेटी उघडली, आतला एक कुलकुल तोंडात टाकला आणि पेटी परत दिली. नाटक पुढं चालू. तो मागी आज पुण्यात बँकेत मोठा साहेब आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

केकातले बेदाणे तासगावचे. ते द्राक्षाच्या हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडी वाळवलेले असतात, त्यामुळं डिसेंबरात मिळतात ते कोल्ड स्टोरेजमधून आलेले, जरा कडक. आम्ही ते रममध्ये घालत नाही, संत्र्याच्या रसात आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवतो. त्यातले वाटीभर बाजूला काढून शेंगदाण्यांबरोबर आधीच्यात ठेवायचे, ही कल्पना माझी. माझी म्हणून वहीत नोंद आहे, शेरा नाही. आईचं कौतुक असंच.

आता खरी गोष्ट.

चर्चच्या समोरच्या गल्लीत एक जैन काकू राहतात. त्यांची आणि आईची ओळख दुधाच्या रांगेतली. दरवर्षी स्नेहभोजनाला त्या यायच्या, नारळ आणि फुलं घेऊन. नाटक थोडं बघायच्या, आईचा हात हातात घेऊन “नाताळच्या शुभेच्छा हं, वहिनी” म्हणायच्या आणि निघून जायच्या. पुढ्यात केलेला भडंगाचा पुडा त्या पर्समध्ये ठेवत. आईला वाटायचं, मटण शिजतंय म्हणून त्यांना जड जात असेल. विचारायचं कसं? अशी दहा-बारा वर्षं गेली.

एका वर्षी आईनं विचारलंच. काकू हसल्या. “मटणाचं काय नाही हो. तुमचं तुमच्या पातेल्यात. दिवस मावळला की आम्ही खात नाही, आणि तुमचं सगळं सुरूच होतं दिवस मावळल्यावर. पुडा मी कामवालीच्या पोराला देते. लसूण असतो ना त्यात.”

आई त्या रात्री जेवली नाही. “बारा वर्षं बाई आपल्या दारातून उपाशी गेली,” एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, अगं, त्या घरून जेवून येत असतील. तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले.

पुढच्या वर्षी आधीचं पाच वाजता. डिसेंबरअखेर सांगलीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे हातात तासभर. नाटकवाल्यांनी कुरकुर केली, मेकअप कधी करायचा म्हणून. आई म्हणाली, मेंढरांना कसला मेकअप.

पण वेळ बदलून भागलं नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, बीट, आलं, जमिनीखालची कंदमुळं चालत नाहीत म्हटल्यावर कटलेट कशाचं करायचं? उत्तर काकूंनीच दिलं: कच्ची केळी. सालीसकट कुकरला दोन शिट्ट्या, पूर्ण गार झाल्यावर सोलून किसायची. गरम असताना कुस्करली की चिकट होतात आणि कटलेट तेलात सुटतं. त्यात उकडलेले मटार ठेचून, हिरवी मिरची, कोथिंबीर, आल्याऐवजी सुंठ, लिंबू. काकू ब्रेडही खात नाहीत, म्हणून वरून पोह्यांचा भरड चुरा. खरं सांगू? ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा तो जास्त वेळ कुरकुरीत राहतो. भडंगाचीही दोन खेपांत वाटणी झाली. आधी बिनलसणाचं, मग त्याच कढईत लसणाचं. उलटं कधीच नाही.

आणि तळायचं काकूंच्या घरी, त्यांच्या कढईत, त्यांच्या तेलात. यात आमचा एक जुना प्रश्न आपोआप सुटला. आधी आम्ही कटलेटं घरी तळून झाकणाच्या गरम डब्यात भरून आणायचो आणि वाफ धरून ती पार ओली व्हायची. आता गल्ली ओलांडायची तेवढी. मोठ्या चाळणीवर एकेक सुटं मांडायचं, वर झाकण नाही, आणि पोरांची रांग चाळण्या डोक्यावर घेऊन गेटमधून आत. मेंढरांचे पोशाख घातलेली ती रांग बघायला गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहतात.

माझा भाचा इंग्लंडात असतो. मागच्या नाताळात त्यानं फोटो पाठवला, बोटाएवढे सॉसेज बेकनमध्ये गुंडाळून भाजलेले. तिथं त्याला ‘पिग्ज इन ब्लँकेट्स’ म्हणतात आणि टर्कीबरोबर ते लागतातच. चिंचेखाली मी तो फोटो दाखवला आणि नावाचा अर्थ सांगितला. एक आजी म्हणाल्या, “दुलईतली डुकरं? बाई, खायच्या वस्तूला असलं नाव!” पण कल्पना कुणाच्या तरी डोक्यात बसली. पनीरची बोटं, पुदिन्याची चटणी, त्यावर कणकेची पातळ पट्टी गुंडाळून तव्यावर खरपूस. चव बरी, पण दीडशे माणसांसाठी तीनशे पट्ट्या लाटायच्या म्हणजे सगळ्या बायका दिवसभर पोळपाटालाच. वहीत आता मी लिहिते. शेरा: ‘दुलया, घरी ठीक.’

आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तळायला उभी राहत नाही, खुर्ची टाकून काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात बसते आणि “तेल निवलंय, जरा थांब” एवढं सांगते. काकू तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण झारा कुणाच्या हातात देत नाहीत.

मागच्या 26 तारखेला शेवटची चाळण गेल्यावर दोघी हात धरून गल्ली ओलांडून आल्या. हॉलच्या पायरीवर बसल्या. मी दोन बशा नेऊन दिल्या. काकूंनी आपली दोन कटलेटं सावकाश खाल्ली, हात पुसला आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडं पश्चिमेला बघितलं. आईनं तिची बशी पुढं केली.

“घ्या अजून एक. आहे अजून ऊन.”

काकूंनी पुन्हा एकदा भिंतीकडं बघितलं. “पाच मिनिटं आहेत,” म्हणाल्या, आणि घेतलं.