कॅराकल्लानं मारलं, स्ट्रॅटोनिकियानं खरवडलं

रोमन नाणी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोनं-चांदी येते. माझा जीव अडकलाय तो पूर्वेकडच्या प्रांतांतल्या शहरांनी पाडलेल्या कांस्याच्या नाण्यांत. सोन्याचांदीवर सम्राटाचा हक्क. पण बाजारातली चिल्लर शेकडो शहरं आपापली पाडायची. पुढच्या बाजूला सम्राट, मागची बाजू गावाची. इफिससनं आर्टेमिसचं देऊळ मिरवलं. स्मिर्नानं ग्रीक महाकवी होमरला बसवलं, कारण तो आमचाच असा त्यांचा दावा. आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियामधल्या अपामियानं तर बायबलमधल्या नोहाचं तारू काढलं आणि त्यावर त्याचं नावही ग्रीकमध्ये लिहिलं!

माझ्याकडे मार्कियानोपोलिसचं एक नाणं आहे, आजच्या बल्गेरियातल्या देव्न्याचं. सम्राट मॅक्रायनस आणि त्याचा लहानगा मुलगा डायडुमेनियन समोरासमोर. म्हणजे काळ इ.स. 217-218, कारण त्यांचं राज्य तेवढंच टिकलं. मग दोघंही मारले गेले. मागच्या बाजूला कडेनं प्रांताधिकारी पाँटियानसचं नाव, त्यानंतर ‘मार्कियानोपोलिसकरांचं’. मधे एक देवी आणि तिच्या शेजारी सुटं एप्सिलॉन हे ग्रीक अक्षर आहे, ग्रीक आकड्यांत पाच: हे नाणं पाच असारियांचं, म्हणजे तिथल्या चिल्लरीच्या पाच एककांचं. मधोमध बारीकसा खळगा दिसतो. तो झिजेचा नाही. ठसा मारण्याआधी चकती घडवताना पडलेला आहे. भिंग लावलं की माझी नजर आधी तिथेच जाते, कारण चेहरे कोरणाऱ्यापेक्षा चकती घडवणारा कारागीर मला तिथे जास्त जवळ वाटतो.

पण सगळ्यांत हलवून सोडतात ती कॅरियातल्या, म्हणजे आजच्या नैऋत्य तुर्कस्तानातल्या स्ट्रॅटोनिकिया शहराची नाणी. मोठी, जड, सम्राट कॅराकल्ला आणि त्याचा धाकटा भाऊ गेटा समोरासमोर असलेली. डिसेंबर 211 मध्ये कॅराकल्लानं गेटाला आईच्या कुशीत मारवलं आणि त्याची आठवणही पुसायचं फर्मान निघालं. स्ट्रॅटोनिकियात चलनातल्या नाण्यांवरून गेटाचा चेहरा खरवडून काढला गेला. मग त्यांवर छोटे शिक्के मारून तीच नाणी पुन्हा वापरात आली. एका बाजूला कॅराकल्ला ठसठशीत, समोर ओबडधोबड सपाट जागा. इतिहासकारांनी लिहिलेलं फर्मान इथे छिन्नीच्या ओरखड्यांत दिसतं, रोमपासून इतक्या दूरच्या गावात.

विक्रेते अशा नाण्यांपुढे ‘खराब’ लिहितात तेव्हा मला राग येतो. गेटाचा अख्खा, सुबक चेहरा असलेलं नाणं आणि हे, यांतून निवडायचं झालं तर मी हेच उचलीन.