आरएचसीएसए-च का?

एलपीआयसी-१ की रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन सर्टिफिकेट परीक्षांपैकी कुठली द्यायची, यावर आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या ऑफिसात चहाच्या वेळी चांगलीच खडाजंगी झाली. एलपीआयसीला १०१ आणि १०२ असे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. पर्याय निवडा, गाळलेल्या जागा भरा. आरएचसीएसएत चालू मशीनवर काम करून दाखवायचं. ३०० पैकी २१० मिळाले की पास. मला हेच पटलं. परीक्षेत इंटरनेट नसतं, पण मॅन पेजेस, म्हणजे मशीनमध्येच असलेली कमांडींची माहितीपानं, असतात. तेव्हा कमांडी घोकत बसू नका की ओ, मॅन पेजमधलं उदाहरण पटकन शोधायला शिका.

खानापुरात पावसाळ्यात लाइट सारखी जाते, म्हणून सराव सगळा लॅपटॉपवर, अल्मालिनक्सच्या (रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारं फुकट लिनक्स) दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे दोन आभासी कॉम्प्युटर, टाकून. रोज तेच: एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटणारी सोय) व्हॉल्यूम वाढवायचा, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, लिहायचा, त्या फाइलीतल्या डिस्क जोडणारी 'माउंट -ए' ही कमांड मारून बघायचं, मगच रीबूट. रीबूटनंतर टिकलं नाही तर केलेलं काम पाण्यात. आणि एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा बंद करून मोकळं होणाऱ्यांची इथे डाळ शिजत नाही.

आई विचारते, "पास झालीस की पगार वाढतोय काय गं?" साहेबांच्या कानावर घातलंय. ते "बघू" म्हणालेत.