आषाढ वद्य चतुर्दशी: मळा न सोडणारा वारकरी

आज सावतोबांची, म्हणजे संत सावता माळी यांची पुण्यतिथी. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ साली याच तिथीला अरणच्या मळ्यात त्यांनी देह ठेवला. वय ४५. पुढच्या वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी झाली.

सावतोबांची ओळख कीर्तनात एका दमात सांगून होते. पंढरपूर पायी दिवसाभराच्या वाटेवर, तरी ते मळा सोडून गेले नाहीत, भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला. टाळ्या पडतात आणि आख्यान पुढे सरकतं. दर वर्षी या तिथीला वाटतं, त्या टाळ्यांत माणसाचे कष्ट मागे राहतात. मळा सोडून का जाता येत नाही, हे विहिरीच्या काठावर उभं राहून पाहिलं तर त्यांची भक्ती आणखी मोठी दिसते. आज तेच लिहून ठेवतो.

अरण हे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. आषाढात कोकणात पागोळ्या थांबत नाहीत, तेव्हा इकडे भुरभुर येते, ढग येतात, वारा सुटतो आणि ढग निघून जातात. खरा भरवसा भादव्याचा आणि पुढे हस्ताचा. त्यात मुरमाड हलकी जमीन असेल तर चार दिवसांच्या वाऱ्यातच वाफा पांढरा पडतो. म्हणून इथला माळी पावसाळ्यातही विहिरीवरच असतो.

विहीर म्हटली की मोट आली. मोट, नाडा, विहीर, दोरी ही चारही नावं सावतोबांच्या अभंगात आहेत, आणि ती शोभेसाठी आलेली नाहीत. डिझेलची इंजिनं येईपर्यंत आपल्याकडचे मळे मोटेवरच भिजत. सोंडमोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड. वरच्या तोंडाला जाड नाडा, तो उंचावरच्या चाकावरून बैलांच्या जुवाला. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, सोंदूर, तो खालच्या रुळावरून जातो. मोट वर येताना सोंदूर सोंडेला तोंडाच्या उंचीवर धरून ठेवतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठावर आली की सोंड पुढे ओढली जाते आणि सगळं पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात पडतं. थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात.

यातली खरी मेख सोंदुराच्या लांबीत. तो वीतभर सैल झाला तर सोंड लोंबते आणि अर्धं पाणी वाटेतच विहिरीत परत. ताठ झाला तर सोंडेवर ओढ येते आणि शिवण उसवते. दोर भिजला की आखडतो, वाळला की सैलावतो, म्हणून जुंपायच्या आधी रोज पाहावा लागतो. नाडा झिजतो तो चाकावर, आणि नेहमी त्याच जागी, कारण भरलेल्या मोटेचा ताण दर खेपेला तिथेच येतो. तो वेळीच बदलला नाही तर मोट विहिरीत आणि बैल उतारावर तोंडघशी. चामड्याचंही तसंच. आठवडाभर मोट कोरडी टांगली तर कातडं कडक होऊन भेगाळतं, पाण्यातच ठेवली तर कुजतं. तेल चोळून, वापरात ठेवूनच ती टिकते. मोटेला सुट्टी मानवत नाही.

बैल ज्या उतारावरून ओढतात ती धाव. ती विहिरीपासून दूर जाताना खाली उतरते, म्हणजे ओढायला बैलांचं स्वतःचं वजन कामी येतं. मोटकरी उतरताना नाड्यावर बसतो आणि आपलंही वजन घालतो. खाली पोचलं की बैलांना पाठमोरं वर आणायचं. हे मागे येणं बैलांना अवघड जातं. नवी जोडी इथेच अडते, म्हणून मोटेला शिकवलेली जोडी सहसा परक्याच्या हाती देत नाहीत. दोन दिवसांसाठी मळा कुणावर तरी सोपवून जाऊ, हे म्हणायला सोपं आहे.

आता हिशोब मांडतो. एका खेपेला शंभर ते दीडशे लिटर पाणी येतं, १२० धरू. तीस-पस्तीस फुटांवरून मोट भरून, ओढून, ओतून बैल पुन्हा काठाशी यायला दीड मिनिट. म्हणजे तासाला ४० मोटा, ४,८०० लिटर. एका गुंठ्याला दोन इंच पाणी द्यायचं तर सुमारे ५,१०० लिटर लागतात. तासाला जेमतेम गुंठा. बैल दिवसभर जुंपता येत नाहीत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत एक पारी, उन्हं कलल्यावर दुसरी, मिळून सहा तास. मातीच्या पाटात मुरणारं पाणी वजा केलं की दिवसाला पाच गुंठे भिजतात. एकराचे ४० गुंठे, म्हणजे आठ दिवस. आणि पावसाने ताण दिला तर हलक्या रानातल्या कांद्याला आठ दिवसांनीच पुन्हा पाणी लागतं. चाळिसावा गुंठा भिजला की पहिला सुकलेला असतो. या चाकातून बाहेर पडायला फट नाही.

बरं, हे एकट्याचं काम नव्हे. धावेवर एक आणि वाफ्यावर एक, अशी दोन माणसं लागतात. वाफ्यावरचा दारं धरतो. वाफा तीन चतुर्थांश भरत आला की पुढच्या वाफ्याचं दार आधी फोडायचं, मग या वाफ्याचं मातीने बुजवायचं. उलटं केलं तर पाट तुंबतो आणि जिथे वरंबा, म्हणजे वाफ्याचा मातीचा बांध, कच्चा असेल तिथे फुटतो. उंदराचं नाहीतर खेकड्याचं बीळ असलं तर सगळं पाणी तिकडून निघून जातं. वाफ्यावरचा माणूस पाय पाण्यात आणि नजर वरंब्यावर ठेवून असतो. हा दुसरा माणूस बहुतेक घरातलाच, नवरा मोटेवर तर बायको वाफ्यावर. सावतोबांच्या पत्नी जनाई शेजारच्या भेंड गावच्या, माळ्याच्याच घरातल्या. विठ्ठल आणि नागाताई ही दोन मुलं. आजोबा दैवू माळी अरणला येऊन राहिले, तेव्हापासून घरात मळ्याचं काम आणि विठ्ठलाची भक्ती दोन्ही चालत आलेलं. संसार टाकून परमार्थ करा असं सावतोबांनी कुठेही सांगितलेलं नाही. प्रपंचात राहूनच तो साधावा, हे त्यांचं सांगणं.

एक आख्यायिका मला फार मोलाची वाटते. सासरची मंडळी आली आणि सावतोबा भजनात इतके रंगले होते की त्यांनी लक्षच दिलं नाही. जनाई संतापल्या. मग सावतोबांनी शांतपणे समजूत घातली तेव्हा त्या निवळल्या. कीर्तनकार इथे समजुतीवर भर देतात. मला जनाईंचा राग तितकाच खरा वाटतो. माहेरची माणसं दारात उभी, त्यांना पाणी कुणी विचारायचं? परंपरेने ही कथा गाळली नाही, संताच्या घरातली धुसफूस जपून ठेवली, याचं मला फार अप्रूप आहे.

आषाढात मळ्यात काय असतं तेही पाहायला हवं. ज्येष्ठात टाकलेलं कांद्याचं रोप दीड महिन्याचं होऊन लागणीला येतं. ते वाफ्यातच राहिलं तर मान जाड होते आणि पुढे डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आणि जोडकांदे निघतात. लागण ओल्या वाफ्यात, बोटाच्या पेराएवढी खोल. जास्त खोल गेली तर गड्डा पोसत नाही, लांबुळका होतो. मग चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे हलकं पाणी. ती चुकली की मुळं धरत नाहीत आणि रोप जागेवर पिवळं पडतं. मुळा तर थांबतच नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उपटला तर रसरशीत, आठवडा उलटला की आतून जाळीदार, तिखट, बाजारात कुणी हात लावत नाही. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फोडी करून पेरायचे, अख्खे टाकले तर उगवण विरळ आणि मागेपुढे होते. उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरची माती कडक होऊ द्यायची नाही.

वारीला जायचं तर दशमीला निघा, एकादशी करा, पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबा, मग परत. सहा-सात दिवस गेले. तेवढ्यात मुळा पोकळ, आंबवणी चुकलेली, पाण्याची पाळी कोलमडलेली. घरात चार तोंडं आणि गोठ्यात बैल. सावतोबा पंढरीला गेले नाहीत ते देवाला कमी लेखून नव्हे. हातातलं जिवंत पीक वाळू देणं त्यांच्या भक्तीत बसत नव्हतं.

आणि मुखी नाम होतंच. मोटेवर हात गुंतलेले, पाय चालते, नजर नाड्यावर. मोकळं राहतं ते तोंड. पोथी वाचायची तर बसावं लागतं, पूजा मांडायची तर हात धुवावे लागतात. नामाला यातलं काहीच लागत नाही. मोटेच्या गाण्यांची चालसुद्धा धावेवरच्या येरझाऱ्यांवर बेतलेली असते, उतरताना लांब सूर आणि मागे येताना आखूड. त्या लयीत विठ्ठलाचं नाव घालायला कसला वेगळा वेळ काढायचा? वारकरी पंथाने कष्टकऱ्याच्या हाती जे दिलं ते हेच. तेरला गोरोबा कुंभारांनी माती तुडवत तेच केलं.

आषाढीला संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात. सावतोबांच्या बाबतीत रीत उलटी, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते, आजच्या तिथीला. एकादशीला अठरा दिवस झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर. मला ही रीत फार विचारपूर्वक घातलेली वाटते. ज्याला पाण्याची पाळी सोडून निघता आलं नाही, त्याच्याकडे देवानेच यायचं.

सावतोबांचे जेमतेम ३७ अभंग हाती आहेत. ते काशिबा गुरवांनी लिहून घेतले म्हणून उरले. मोटेवरचा माणूस बोरू हातात घेणार कधी? त्यांच्या सर्वांत लाडक्या अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्यासोबत मिरचीही आहे. आजची हिरवी मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली, सावतोबांच्या मळ्यात ती असणं शक्य नाही. कुणा जाणकाराला ही खोट वाटेल. मला ती दुरुस्त करावीशी वाटत नाही. तीन-चारशे वर्षं तो अभंग म्हणणाऱ्या माळ्यांनी आपल्या वाफ्यात नवीन आलेलं पीकही त्यात विठ्ठलाच्या हवाली केलं असणार.