हिसका जोडात होता

ट्रॉली एरवी सरळ धावायची, पण वाटेत एका ठरावीक जागी हिसका द्यायची. तिच्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो तिथेच हलायचे. मला बोलावलं तोवर चाकांचे बेअरिंग बदलून झाले होते, मोटरचं सेटिंगही झालं होतं. जागा बदलत नाही म्हणजे दोष ट्रॉलीत नाही, ती ज्यावर धावते त्या बीममध्येच आहे, असं मला वाटलं.

बीम ४० बाय ८० मिमीच्या, बाजूंना खाचा असलेल्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, टोकाला टोक लावून वाढवलेला. जोड नेमका दोन पायांच्या मधोमध. खाचांमध्ये सरकवलेल्या जोडपट्ट्या आणि त्यांचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू), एवढाच आधार. ट्रॉली जोडापासून दूर होती तेव्हा जोडाच्या खालच्या फटीत ०.०५ मिमीचं फीलर पानही (फट मोजायची पातळ पट्टी) शिरेना. ट्रॉली जोडावर आणली आणि ०.२ चं पान सहज आत गेलं! वरून हात फिरवणाऱ्याला हे कळणं शक्यच नव्हतं.

वजन आलं की बीम वाकतो, खालची बाजू ताणली जाते. अखंड प्रोफाइल हा ताण स्वतः घेतं. इथे तो सगळा ग्रब स्क्रूंवर आला होता. स्क्रू पट्टीला खाचेच्या ओठांवर दाबून धरतात, म्हणजे पकड मुख्यतः घर्षणाची. शिवाय ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश. आतली पट्टी दोन टोकं एका रेषेत आणायला उत्तम, पण वाक पेलायचं काम तिच्यावर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

जोडाखाली पाय देता आला नाही, खाली कन्व्हेयर होता. अनेक पायांवरच्या बीममध्ये जोड पायापासून, दोन पायांमधल्या अंतराच्या साधारण एक पंचमांशावर असावा, तिथे वाक कमी. पण त्यासाठी नव्या लांब्या हव्या होत्या. मग जोड खोलला. टोकं गुण्यात (काटकोनात) होती, फक्त खाचेच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, राहिली होती. ती बारीक कानशीने काढली. आतल्या पट्ट्या परत बसवल्या आणि खाली व दोन्ही बगलांना लांब, जाड पट्ट्या टी-नटवर (खाचेत अडकणाऱ्या नटवर) लावल्या. सगळे बोल्ट आधी हलके धरले, टोकं क्लॅम्पने एकमेकांवर घट्ट ओढली, वर सरळपट्टी ठेवून पाहिली आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलं.

बीमखाली डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून ट्रॉली सोडली. आधी जोडावर काटा उडायचा. आता तो संथ खाली गेला, तसाच परत आला. शेजारच्या समांतर बीमचा जोडही त्याच रेषेत होता, म्हणून लगेच तोही खोलायला घेतला.