गणेशवेल: कुंडीतली नोंदवही

पेरणीची आदली रात्र. बी काळं आणि टणक. तसंच मातीत टाकलं तर कधी उगवेल याचा नेम नाही, म्हणून पॉलिशपेपरवर एका बाजूनं हलकं घासून 10-12 तास कोमट पाण्यात. सकाळी जे फुगलं नाही ते पुन्हा घासायचं. दोन-दोन दिवस भिजत ठेवलं तर कुजतं.

पेरणी. कायमच्या जागीच, 1 सेंटीमीटर खोल. मूळ दुखावलेलं या वेलीला खपत नाही, तेव्हा रोपं करून मग हलवण्याचा उद्योग नको. 12 इंची कुंडीत तीन रोपं पुष्कळ झाली. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग वाळू.

सहावा दिवस. उगवली! बीजपत्रं दोनच, पण प्रत्येक खोलवर दुभंगलेलं, त्यामुळे चार हिरव्या काड्या दिसतात. तण समजून रोपं उपटली जातात ती इथेच. पिसासारखी पानं नंतर येतात.

तिसरा आठवडा. वीतभर वाढ, शेंडा खुडला म्हणजे फुटवे येतील. आधार आताच हवा. या वेलीला ताणे नसतात, खोडच पिळा घालत चढतं. म्हणून सुतळी किंवा बारीक तार, जाड पाइप नको. पिळा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. हातानं गुंडाळताना दिशा चुकली तर वेल सुटून पुन्हा आपल्याच बाजूनं वळते.

आठवा आठवडा. पाला दाट, कळी एकही नाही. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: ऊन सहा तासांहून कमी, नाहीतर नत्र जास्त. कळी नाही म्हणून आणखी खत घालणं ही तर नेहमीची चूक! खत बंद, कुंडी उन्हात. पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. कोरड्या हवेत हमखास. आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा.

फुलं आली. पाच टोकांची लाल चांदणी, सकाळी उमललेली, दिवस कलेपर्यंत मिटलेली. फूल एका दिवसाचंच असतं. मिटलेलं पाहून पाणी ओतू नये.

बोंडं तपकिरी झाली की तडकण्याआधी काढायची, एकेकात साधारण चार बिया. राहिली तर पुढच्या हंगामात शेजारच्या कुंड्यांतही हीच वेल. बिया विषारी असतात, त्यामुळे डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी.