कानाखालची सुपारी

दाढी करताना डाव्या कानाच्या पाळीखाली चिंचोक्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. चार वर्षांत चिंचोक्याची सुपारी झाली. शेवटी बायकोनेच ओढत नेलं.

डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मग भलतंच करायला लावलं. डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. गाठ कानाखालच्या लाळग्रंथीत होती, आणि चेहरा हलवणारी नस म्हणे या ग्रंथीतूनच जाते. ती लुळी पडली असेल तर गाठीची लक्षणं चांगली नाहीत. माझी शाबूत होती. मग सुईने पेशी काढून तपासल्या. रिपोर्टात ‘प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा’. नाव भारदस्त, पण लाळग्रंथीत सर्वांत जास्त सापडणारी गाठ हीच. कॅन्सर नव्हे. तरी वर्षानुवर्षं सांभाळली तर एखादी बिघडते, म्हणून काढायचीच.

बाकावर शेजारी बसलेल्या काकांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता, तोंडात दोन बोटंही जात नव्हती. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी त्यांच्या खिशात! वर मलाच धीर देत होते, “तुमची गाठ केवढी, माझा नुसता डाग.” गणित उलटं होतं, कॅन्सरची भीती त्यांच्या डागालाच जास्त, पण मी गप्प बसलो.

ऑपरेशननंतर ओठाचा कोपरा दीड महिना ओघळलेला होता. कानाची पाळी अजून बधिर आहे. आणि ठेचा खाल्ला की घाम फुटतो, तोही फक्त डाव्या गालावर. लाळ सोडायला लावणाऱ्या नसेचे तुटलेले तंतू घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात म्हणे. ताटाशेजारी आता रुमाल असतो.