सातव्या खेपेला

आजी सातव्यांदा आल्या तेव्हा कवळी तोंडात नव्हती, रुमालात गुंडाळून पिशवीत होती. "खालची टोचतीया बघा डॉक्टर. ही घातली की माझं त्वांड माझं वाटंना."

खरं सांगतो, मी वैतागलो होतो. सहा खेपांना पेस्ट लावून दाबाच्या जागा शोधल्या, दर वेळी कवळीचं थोडं अ‍ॅक्रिलिक घासलं. हिरडीवर लाली नाही, फोड नाही. मुलगा दारातूनच म्हणाला, "तिला तक्रारीची सवयच आहे हो." कवळीच्या पेशंटांचं स्वभावानुसार केलेलं, हाऊस यांचं एक जुनं वर्गीकरण आम्हाला शिकवतात. त्यातला 'हिस्टेरिकल' हा वाईट शब्द माझ्याही डोक्यात येऊन गेला.

गाल बाजूला करायला आरसा घातला, तर तो गालालाच चिकटला. तोंड कोरडं ठाक! सहा वेळा मी कवळीच तपासत होतो. लाळेचा पातळ थर नसेल तर उत्तम बेतलेली कवळीही धरत नाही, घासत राहते. औषधांची पिशवी उपडी केली. मधुमेहाने पायांची आग होते म्हणून रोज रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन. त्याने तोंड सुकतं. गंमत म्हणजे हे मुळात नैराश्यावरचंच औषध, पण आगीसाठी देतात तो डोस त्याला सहसा पुरत नाही.

मुलाला बाहेर बसवलं. "घरी दिवसभर कोण असतं?"

"मी आन् टीव्ही."

आजोबांना जाऊन आठ महिने झालेले. भाकरी दुधात कुस्करून एकदाच खायची, तीही उभ्याउभ्या. खालची कवळी जीभ आणि गाल सांभाळतात, आणि ते शिकायला सहा-आठ आठवडे बोलावं, चावावं लागतं. या बाईंची जीभ शिकणार कुणाशी बोलून?

वृद्धांच्या नैराश्यासाठी 15 प्रश्नांची चाचणी असते. कॉलेजनंतर पहिल्यांदाच ती काढली. 5 च्या वर गुण गेले की पुढे तपासायचं, आजींचे 11 आले. त्यांच्या फिजिशियनना गोळीबद्दल चिठ्ठी लिहिली, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलगा जरा घुटमळला, पण घेऊन गेला. त्या दिवशी कवळीला मी हात लावला नाही.

अडीच महिन्यांनी आजी आल्या, कवळी तोंडात.

"टोचत न्हाई आता. पर शेजारणीकडं जेवताना खालची हलतीया."

बघितलं. खालचं हाड झिजून सपाट झालेलं, कवळी खरंच हलत होती.